नजरेची पारख : थाई ‘वाय’ मालिका आणि तापीकाठचा रसिक

दोन तरुण पुरुषांमधील प्रेम हा ज्यांच्या कथानकाचा कणा आहे, अशा थायलंडमधील मालिका जगभर ‘बॉइज लव्ह’ किंवा ‘बीएल’ या नावाने ओळखल्या जातात. खुद्द थायलंडमध्ये त्यांना ‘वाय मालिका’ म्हणतात. गेल्या दशकभरात या मालिकांनी देशाची सीमा ओलांडून जपान, फिलिपिन्स, लॅटिन अमेरिका आणि भारत असा दूरदूरचा प्रेक्षक मिळवला आणि या प्रेक्षकाने कौतुकाबरोबर परीक्षणाचीही सवय लावून घेतली. त्याच्या बोलण्यात नटांच्या रूपाचे आणि पेहरावाचे कौतुक पुष्कळ असते हे खरे. परंतु ते बाजूला सारले की तळाशी दोनच प्रश्न उरतात. या दोघांनी एकमेकांवर प्रेम का करावे, हे लेखकाने पटवून दिले आहे काय? आणि नटाच्या डोळ्यांत ते प्रेम खरोखर उतरले आहे काय? या दोन प्रश्नांना मराठी रंगभूमीच्या इतिहासात फार जुने स्थान आहे, आणि म्हणूनच थाई मालिकांविषयीची प्रेक्षकांची मते तपासताना मराठी रसिकाला परक्या अंगणात उभे राहिल्यासारखे वाटण्याचे कारण नाही.

असा रसिक तापीकाठच्या खान्देशातही आहे. जळगाव जिल्ह्याच्या भुसावळ तालुक्यातील वरणगाव हे १९६४ पासून आयुध निर्माणीचे गाव आहे. बंदुकीची काडतुसे बनवणारा हा कारखाना, त्याची वसाहत आणि गावाजवळून जाणारा भुसावळ–नागपूर लोहमार्ग यांमुळे बाहेरची माणसे आणि बाहेरच्या भाषा या गावाला नव्या नाहीत. अशा गावातल्या तरुण प्रेक्षकाला बँकॉकमध्ये तयार झालेली मालिका पाहण्यासाठी आज चित्रगृह लागत नाही की तिकीट लागत नाही. जीएमएमटीव्हीसारख्या थाई निर्मितीसंस्थांनी आपल्या अनेक मालिका यूट्यूबवर, एकेक भाग चार तुकड्यांत विभागून, इंग्रजी सबटायटल्ससह विनामूल्य ठेवल्या आहेत. हातातला फोन आणि कानातला इअरफोन एवढ्यावर हे पाहणे होते, आणि ज्या विषयावर घरात चार माणसांत बोलणे अवघड असते, तो विषय माणूस एकटा, शांतपणे, आपल्या गतीने पाहू शकतो. पाहण्याची ही खासगी रीत लक्षात घेतल्यावाचून या मालिकांविषयीच्या मतांचा जिव्हाळा आणि त्यांतली तळमळ नीट कळत नाही.

‘वाय’ या अक्षराचा उगम

‘वाय’ हे अक्षर ‘याओई’ या जपानी शब्दाच्या रोमन लेखनातले आद्याक्षर आहे. १९७० च्या दशकात जपानमधील काही स्त्री चित्रकथाकारांनी मुलींच्या मासिकांसाठी मुलामुलांमधील हळव्या प्रेमाच्या कथा रेखाटण्यास सुरुवात केली. मोतो हागिओ यांची ‘थॉमसचे हृदय’ ही १९७४ मध्ये आणि केइको ताकेमिया यांची ‘वारा आणि वृक्षांचे गीत’ ही १९७६ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेली चित्रकथा या परंपरेच्या आरंभीच्या ठळक कृती मानल्या जातात. पुढे हौशी चित्रकथाकारांच्या वर्तुळात ‘याओई’ हा शब्द रूढ झाला. तो तीन जपानी वाक्प्रयोगांच्या आद्याक्षरांतून बनला असून त्यांचा अर्थ ‘शिखर नाही, शेवट नाही, अर्थ नाही’ असा होतो. हौशी लेखिकांनी आपल्याच लेखनाला दिलेले हे नाव होते. पण कथानकाच्या बांधणीविषयी प्रेक्षक आज जी तक्रार करतात, तिचे बीज या कथाप्रकाराच्या नावातच पेरलेले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

थायलंडमध्ये या कथा भाषांतरित चित्रकथांतून पोहोचल्या, मग तरुण लेखिकांनी त्या थाई भाषेत, थाई विद्यापीठांच्या पार्श्वभूमीवर कादंबऱ्यांच्या रूपाने लिहिल्या आणि त्या कादंबऱ्यांवरून मालिका निघाल्या. त्याआधी २००७ मध्ये चूकियत सक्वीराकुल यांच्या ‘लव्ह ऑफ सियाम’ या चित्रपटाने वाट मोकळी केली होती. मुलामुलींची नेहमीची प्रेमकथा अशी जाहिरात झालेला हा चित्रपट प्रत्यक्षात बहीण हरवलेल्या एका कुटुंबाची आणि दोन बालमित्रांच्या प्रेमाची कथा होता. २०१४ ची ‘लव्ह सिक’ ही या प्रकारातली पहिली थाई मालिका मानली जाते, २०१६ च्या ‘सोटस’ने या प्रकाराला मोठा प्रेक्षक मिळवून दिला आणि फेब्रुवारी ते मे २०२० या काळात, म्हणजे जगातला मोठा भाग महासाथीमुळे घरात बंद असताना, प्रसारित झालेल्या ‘टुगेदर’ या मालिकेने हा प्रकार खंडोखंडी पोहोचवला.

लेखनाविषयीचे आक्षेप आणि त्यांचा आशय

लेखनाविषयी प्रेक्षकांचे जे आक्षेप पुन्हा पुन्हा ऐकू येतात, त्यांत पहिला आक्षेप साच्याचा आहे. विद्यापीठ, त्यातही अभियांत्रिकी शाखा; उंच, अबोल, श्रीमंत नायक; त्याच्याशी आधी भांडणारा आणि मग विरघळणारा दुसरा तरुण; दोघांच्या मध्ये येणारी एक मत्सरी मुलगी; आणि शेवटून दुसऱ्या भागात घडवून आणलेला गैरसमज. एवढ्या साहित्यावर कितीतरी मालिका उभ्या राहिल्या आहेत, आणि बारा-तेरा भागांची कथा सातव्या-आठव्या भागाशीच आटोपून पुढे नुसती ताणली जाते, ही तक्रार या मालिकांवर मनापासून प्रेम करणारे प्रेक्षकच अधिक पोटतिडिकीने करतात. ‘टुगेदर’विषयीही उत्तरार्ध ढिला पडल्याची आणि नायकांमधील जवळीक दाखवताना हात आखडल्याची भावना व्यापक होती, त्याच वर्षी आलेल्या ‘स्टिल टुगेदर’ या पाच भागांच्या पुढील मालिकेत दिग्दर्शक नोपार्नाच चैयाविमोन यांनी त्या दोघांचे रोजचे सहजीवन, घरकाम आणि रुसवेफुगवे दाखवून त्या नात्याला पाय रोवायला जमीन दिली, असे अनेकांना वाटले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो संमतीचा आहे. २०१९ च्या ‘थार्नटाइप’ या मालिकेत समलिंगी माणसांचा तिरस्कार करणारा विद्यार्थी आणि त्याचा समलिंगी खोलीमित्र यांची कथा आहे. नटांच्या अभिनयाचे कौतुक होऊनही तिच्या आरंभीच्या भागांतील बळजबरीची दृश्ये प्रेमाची पायरी म्हणून रंगवली गेली, यावर प्रेक्षकांनी कठोर टीका केली. ही टीका बाहेरून आलेल्या नीतिपाठासारखी नव्हती. ज्यांना या नात्यांची प्रतिष्ठा जपली जावी असे वाटते, त्यांनाच नकाराचा होकार करून दाखवणारे लेखन सर्वाधिक बोचते.

तिसरा आक्षेप ओळखीविषयीचा आहे. ‘मला पुरुष आवडत नाहीत, फक्त तू आवडतोस’ या आशयाचे वाक्य जुन्या मालिकांत इतक्या वेळा आले, की त्याला सूत्राचे रूप मिळाले. या वाक्यात एका माणसावरच्या निष्ठेचा गोडवा आहे, पण समलिंगी असणे हे जणू दूर ठेवण्यासारखे काही आहे, अशी सूचनाही आहे. ज्या प्रेक्षकासाठी पुरुषांवर प्रेम करणे ही स्वतःच्या आयुष्याची वस्तुस्थिती आहे, त्याला या वाक्यातून आपणच कथेबाहेर घातले गेल्यासारखे वाटते.

या तिन्ही आक्षेपांच्या मुळाशी असलेली रचना दोन थाई शब्दांतून स्पष्ट होते. थाई नाट्यात नायकाला ‘फ्रा-एक’ आणि नायिकेला ‘नांग-एक’ म्हणतात. यांतला ‘एक’ हा शब्द संस्कृतातून थाई भाषेत गेलेला, ‘प्रमुख’ या अर्थाने वापरला जाणारा शब्द आहे, आणि ‘फ्रा’ हे थाई रामायणात रामाच्या नावाआधी लागते तेच आदरवाचक पद आहे. वाय मालिकांत दोन्ही प्रमुख पात्रे पुरुष असल्याने दुसऱ्यासाठी ‘नाय-एक’ असा नवा शब्द तयार झाला. ‘नाय’ हे पुरुषवाचक पद आहे. परंतु या शब्दाने दाखवली जाणारी जागा बहुतेक वेळा नायिकेचीच राहिली. तो उंचीने कमी, रंगाने उजळ, लाजरा, वाचवला जाणारा. ‘फ्रा-एक’ मात्र पुढाकार घेणारा, वाचवणारा. नायक-नायिकेची जुनी चौकट तशीच ठेवून तिच्यात दुसरा पुरुष बसवला, हा या मालिकांवरील सर्वांत मर्मग्राही आक्षेप होय.

याच आक्षेपाला आतून उत्तर देणारे लेखनही थायलंडमध्ये घडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘बॅड बडी’त शेजारी राहणारी, एकमेकांशी वैर धरणारी दोन घरे आणि त्या घरांतले पात आणि प्रान हे दोन मुलगे आहेत, दोघेही तितकेच हट्टी, दोघेही तितकेच हळवे, आणि कोण वरचढ हा प्रश्न त्यांच्यात खेळाच्या पातळीवरच राहतो. मालिकेने मत्सरी मुलीचा साचाही टाकून दिला आणि स्त्री पात्रांना स्वतःची प्रेमकथा दिली. बरोबरीच्या नात्याचा हा धागा ‘सोटस’मध्येही सापडतो. वरिष्ठ विद्यार्थ्यांनी नवागतांना शिस्तीच्या नावाखाली वाकवण्याची विद्यापीठीय प्रथा हा या मालिकेचा विषय. कोंगपोप हा नवागत आणि आर्थित हा वरिष्ठ. यातले ‘आर्थित’ हे नाव म्हणजे संस्कृत ‘आदित्य’. जिथे रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून अस्तित्वात आहे, त्या महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला या प्रथेतला अपमान लगेच ओळखू येतो, आणि कोंगपोप वरिष्ठांसमोर न वाकता प्रश्न विचारतो त्यात प्रेमाबरोबर समतेचाही आग्रह दिसतो.

वसतिगृह आणि महाविद्यालय हा कथाप्रदेश खान्देशी वाचकाला नवखा नाही. यावल तालुक्यातील सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही १९६३ ची कादंबरी गावाकडून पुण्याच्या वसतिगृहात गेलेल्या मुलाचीच कथा आहे. तिचा विषय सर्वस्वी वेगळा आहे, परंतु वसतिगृहातील खोली, मेस, मित्रांची बडबड आणि घरून येणारे पैसे यांतून माणूस कसा उभा करावा, याचा वस्तुपाठ तिने मराठीला घालून दिला. थाई मालिकांतले विद्यापीठ अनेकदा केवळ गणवेशापुरते उरते; त्यात अभ्यास नसतो, पैशांची चणचण नसते, घरच्यांची पत्रे वा फोन नसतात. ‘कोसला’च्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही उणीव चटकन जाणवावी, यात नवल नाही.

संबोधनांत दडलेले प्रेम

लेखनाविषयीचा एक मोठा भाग सबटायटल्समध्ये हरवतो आणि त्याची जाणीव असलेले प्रेक्षक थाई भाषेतील संबोधनांकडे बारकाईने कान देतात. थाई भाषेत ‘मी’ आणि ‘तू’ यांसाठी नात्यानुसार बदलणारे अनेक शब्द आहेत. बरोबरीचे, एकमेकांशी मोकळेपणाने बोलणारे मित्र स्वतःला ‘कू’ आणि समोरच्याला ‘मुंग’ म्हणतात. हे शब्द परक्याला वापरले तर शिवी होते आणि जिवलगाला वापरले तर आपुलकी. वयाने मोठ्याच्या नावाआधी ‘फी’ आणि धाकट्यासाठी ‘नोंग’ लावतात, त्यात भाऊ-बहीण या नात्याची छाया असते. दोन मित्र ‘कू-मुंग’ सोडून एके दिवशी सौम्य संबोधनांकडे वळतात, तेव्हा प्रेमाची कबुली शब्दांत येण्याआधीच सर्वनामांत आलेली असते. इंग्रजी भाषांतरात मात्र सगळीकडे एकच शब्द येतो आणि प्रसंगाचा गाभा गळून पडतो.

मराठी प्रेक्षकाला ही सूक्ष्मता समजावून सांगावी लागत नाही, कारण त्याच्या भाषेत तू आणि तुम्ही यांतले अंतर जिवंत आहे. जळगाव जिल्ह्यातील बोलण्यात तर ‘भाऊ’ हे संबोधन अनोळखी दुकानदारापासून जिवाभावाच्या मित्रापर्यंत सर्वांना पुरते आणि ते कोणत्या सुरात उच्चारले यावर त्याचा अर्थ ठरतो. ‘फी’ हा शब्द कानावर पडताच त्यातला वडीलधारेपणा आणि त्याच वेळी त्यातली जवळीक या प्रेक्षकाला उमगते. इंग्रजीतून पाहणाऱ्या युरोपीय प्रेक्षकाला त्यासाठी टिपणे वाचावी लागतात.

दोन पुरुषांचा शृंगार आणि मराठी रंगभूमी

अभिनयाकडे वळण्यापूर्वी एका वस्तुस्थितीची आठवण करणे आवश्यक आहे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, मराठी व्यावसायिक रंगमंचावरील शृंगार हा प्रामुख्याने दोन पुरुष नटांमधील शृंगार होता. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने संगीत नाटकाचे युग सुरू झाले, भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीभूमिका गाजवल्या आणि त्यांच्यानंतर नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी हा वारसा शिखराला नेला. खान्देशाशी त्यांचे नाते कोवळ्या वयातले आहे. लहानपणी जळगावात असताना त्यांनी मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे आरंभीचे धडे घेतले, आणि जळगावचे खुले नाट्यगृह आज त्यांच्याच नावाने उभे आहे.

१९११ च्या ‘मानापमान’मधील भामिनी, १९१६ च्या ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी आणि १९१९ च्या ‘एकच प्याला’तील सिंधू या भूमिकांत प्रेक्षकाने बालगंधर्वांना पाहिले ते पुरुष आहे हे पूर्णपणे ठाऊक असूनच. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये केशवराव भोसले धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी, त्या रात्रीच्या शृंगाराला दाद देणारा प्रेक्षक नटाच्या लिंगाची चौकशी करत बसला नाही, त्याने गळा, डोळे आणि शब्दफेक पारखली. स्त्रियांनी तर बालगंधर्वांचे नेसणे आणि अंबाडा यांचे अनुकरण केले. थायलंडचा इतिहासही येथे समांतर जातो: तिथल्या ‘लखोन नोक’ या राजवाड्याबाहेरच्या नाट्यप्रकारात सगळ्या भूमिका परंपरेने पुरुष करीत आणि राजवाड्यातील ‘लखोन नाय’ स्त्रिया सादर करीत.

या साम्यावर थांबले तर चुकीचा निष्कर्ष निघेल. गंधर्वयुगातील प्रेम पदराआड होते. दोन पुरुष रंगमंचावर होते, पण कथेत एक स्त्री होती. दोन स्त्रियांमधील आकर्षण उघडपणे नाटकाच्या केंद्रस्थानी आणण्यासाठी मराठीला १९८१ मधील विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’पर्यंत आणि त्यात रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेल्या ‘मित्रा’ नावाच्या नायिकेपर्यंत वाट पाहावी लागली, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ ही कादंबरी २००६ मध्ये आली, ज्यात भाऊ आणि बहीण एकाच तरुणावर प्रेम करतात. थाई मालिकांचे ऐतिहासिक कार्य असे, की त्यांनी पदर बाजूला केला. आणि त्यांची मर्यादा अशी, की ‘नाय-एक’च्या रूपाने त्यांनी अनेकदा तो पदर पुन्हा ओढून घेतला.

अभिनय : सात्त्विक भावांची कसोटी

थाई मालिकांतील अभिनयाविषयी प्रेक्षक जो शब्द सर्वाधिक वापरतात तो म्हणजे ‘केमिस्ट्री’. दोन नटांमध्ये काहीतरी घडते आहे, असा विश्वास. भारतीय नाट्यविचारात या अनुभवासाठी अधिक नेमकी परिभाषा आहे. नाट्यशास्त्राने स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले. म्हणजे शरीराचे ताठरणे, घाम, काटा, आवाज फुटणे, कंप, रंग उडणे, आसवे आणि भान हरपणे. हातवारे आणि संवाद सरावाने बसवता येतात, पण हे भाव मन एकाग्र झाल्यावाचून येत नाहीत, असे ते शास्त्र मानते. नवख्या, मुख्यतः रूपावर निवडलेल्या नटांच्या मालिकांत प्रेक्षकाला जी गोष्ट खटकते ती हीच: चुंबनाचे दृश्य कॅमेऱ्याच्या पाच कोनांतून आणि संथ गतीत येते, संगीत भरून येते, पण ओठ मिटलेले, खांदे ताठ आणि नजर रिकामी असते. तिथे कॅमेऱ्याने कितीही शृंगार केला तरी प्रेक्षकाच्या अंगावर काटा येत नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणून २०२० च्या ‘आय टोल्ड सनसेट अबाउट यू’ या पाच भागांच्या मालिकेचे नाव आदराने घेतले जाते. नादाओ बँकॉक या संस्थेने काढलेल्या आणि नरुबेत कुनो यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत तेह आणि ओ-एव हे फुकेत बेटावरचे, भांडणामुळे दुरावलेले दोन बालमित्र विद्यापीठ प्रवेशासाठी चिनी भाषा शिकताना पुन्हा जवळ येतात. फुकेतची चिनी वस्ती, तिथली जुनी घरे, समुद्र आणि जास्वंदीचे फूल ही स्थळाची खूण आणि प्रेमाची भाषा दोन्ही बनतात. तेहची भूमिका करणारे पुत्तिपोंग अस्सारतनकुल आणि ओ-एवची भूमिका करणारे क्रित अम्नुएदेचकोर्न यांचा अभिनय शब्दांपेक्षा श्वासांवर उभा आहे. तेहचे मन एका मुलीकडे आहे असे वाटणारा ओ-एव आरशासमोर स्त्रीचे अंतर्वस्त्र घालून स्वतःकडे पाहतो, त्या दृश्यात ‘आपण मुलगी असतो तर’ हा प्रश्न एकही वाक्य न उच्चारता उभा राहतो. जी ‘नांग-एक’ची जागा इतर मालिका नकळत लादतात, तिचे ओझे त्या मुलाच्या मनावर कसे पडते, हेच या दृश्याने दाखवले; म्हणून ते केवळ अभिनयाचे नव्हे, तर लेखनाचेही यश आहे.

अभिनयाचे दुसरे टोक म्हणजे शरीराची संपूर्ण फेररचना. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘नॉट मी’त गन अत्थफान यांनी व्हाइट आणि ब्लॅक या जुळ्या भावांच्या भूमिका केल्या, एकाने दुसऱ्याचे सोंग घेऊन बंडखोर तरुणांच्या टोळीत शिरायचे, असे कथानक. चाल, मानेचा कल आणि डोळ्यांतली भीती यांतला फरक एवढा नेमका आहे, की सोंग घेतलेला व्हाइट आणि खरा ब्लॅक हे पाहणाऱ्याला वेगळे कळतात. अनुचा बूनयावतना यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेने विवाहसमानतेच्या मागणीचे निदर्शनही कथेत आणले. थायलंडमध्ये तो कायदा पुढे २३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. भारतात ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, तर १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला. एकच दृश्य बँकॉकमध्ये आणि वरणगावात पाहिले जाते तेव्हा ते या दोन वेगळ्या वर्तमानांत पाहिले जाते.

जोडीचा बाजार आणि नटाचे माणूसपण

थाई मनोरंजन व्यवसायात ‘खू-जिन’ नावाची संकल्पना आहे. ‘खू’ म्हणजे जोडी आणि ‘जिन’ हे कल्पना करणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे थाई संक्षिप्त रूप. म्हणजे प्रेक्षकांनी मनात रंगवलेली जोडी. मालिका संपल्यावरही तेच दोन नट कार्यक्रमांत, जाहिरातींत आणि पुढच्या मालिकांत एकत्र आणले जातात आणि त्यांच्यात खरोखर काही असावे, अशी आशा जागती ठेवली जाते. या रीतीचा अभिनयाला लाभही होतो, कारण वर्षानुवर्षे एकत्र काम केलेल्या नटांत संकोच उरत नाही. पण तोटा मोठा आहे: लेखक पात्रांऐवजी जोडीसाठी लिहू लागतो, एखाद्या नटाने दुसऱ्याबरोबर काम केले किंवा स्वतःच्या आयुष्यात कोणावर प्रेम केले तर तो विश्वासघात ठरवला जातो.

भूमिका आणि नट यांची ही गल्लत महाराष्ट्राने एका कडू रूपात पाहिली आहे. तमाशातला ‘नाच्या’, म्हणजे बायकी हावभाव करणारा पुरुष कलावंत, लोकांच्या हशाचा धनी झाला. मराठी चित्रपटांत ही भूमिका अजोड ताकदीने करणारे गणपत पाटील यांना तिचा शिक्का खासगी आयुष्यातही सोसावा लागला. आनंद यादवांच्या कादंबरीवरून २०१० मध्ये आलेल्या ‘नटरंग’मध्ये अतुल कुलकर्णी यांनी याच वेदनेला चेहरा दिला. नाच्याच्या वाट्याला अवहेलना आली आणि थाई नटाच्या वाट्याला आराधना आली. पण दोन्ही ठिकाणी प्रेक्षक नटाला त्याच्या भूमिकेतून बाहेर पडू देत नाही. अभिनयाची खरी कदर करणाऱ्याने पडदा पडल्यावर नटाला त्याचे आयुष्य परत द्यावे, एवढे सौजन्य दोन्ही देशांतल्या प्रेक्षकांकडून अपेक्षित आहे.

‘साबर बोंडं’ : मापदंड घरातच

थाई मालिकांकडून प्रेक्षक ज्या गोष्टी मागतो, त्या मराठीत एकत्र आल्याचे उदाहरण म्हणजे रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा चित्रपट. अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात २०२५ मध्ये त्याला जागतिक चित्रपट विभागातील कथापटांचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा तिशीतला आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांचे सुतक पाळण्यासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचा तगादा लावतात आणि त्याच दिवसांत बाळ्या या शेतकरी बालमित्राशी त्याचे नाते पुन्हा उमलते. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांनी या भूमिका केल्या आहेत, आणि आनंदच्या आईची भूमिका जयश्री जगताप यांनी. फड्या निवडुंगाला लागणारे काटेरी लाल फळ, ज्यावरून चित्रपटाचे नाव आले, ते सोलून मित्राच्या हाती देणे हीच इथली प्रेमाची कबुली.

या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा बहुतांश स्थिर आहे आणि दृश्ये आपल्या वेळेने उलगडतात. प्रेक्षकाच्या भावना चाळवणारे कोणतेही साधन हाताशी नसताना दोन नटांनी केवळ एकमेकांजवळ बसण्याने, गप्प राहण्याने, नजर उचलण्याने आणि वळवण्याने प्रेम उभे करायचे, हे सात्त्विक अभिनयाचे अवघड काम इथे साधले आहे. लेखनाच्या बाजूने पाहता कोणीही ‘नायिका’ नाही. एकाची नोकरी आहे, दुसऱ्याची शेती आहे, आणि दोघांवरही लग्नाचे सारखेच दडपण आहे. सुतकाचे नियम, भावकीचे बोलणे आणि आईचे समजून घेणे यांतून या प्रेमाला घर मिळते. थाई मालिकांत जे सहसा विद्यापीठाच्या आवारापुरते राहते, ते इथे ओसरीवर आणि शिवारात येते.

तरीही ‘साबर बोंडं’ला थाई मालिकांच्या विरोधात उभे करणे अन्यायाचे होईल. चित्रपट दोन तासांत संपतो. मालिका आठवड्यागणिक माणसाच्या सोबतीला येते. तिच्यातला सुखान्त कितीही साचेबद्ध असला, तरी ज्याने अशा प्रेमाचा शेवट केवळ आत्महत्या किंवा वियोग असाच पाहिला आहे, त्याच्यासाठी तो सुखान्त आधार असतो. २०१९ च्या ‘अनटिल वी मीट अगेन’मध्ये तर घरच्यांच्या विरोधामुळे जीव दिलेले दोन प्रेमी पुनर्जन्म घेऊन पुन्हा भेटतात, मागच्या जन्मीचे देणे या जन्मी फेडण्याची ही कल्पना भारतीय मनाला जवळची आहे, आणि मरणावर संपलेल्या कथेला जगण्याकडे वळवण्याची तिच्यातली इच्छा नाकारता येण्यासारखी नाही.

खान्देशी बोलीत बाकी राहिलेली कथा

प्रेक्षकांच्या मतांचा एकत्रित विचार केला तर त्यातून मागणी निघते ती अधिक धीट दृश्यांची नव्हे, अधिक खऱ्या माणसांची. पात्राला काम असावे, घर असावे, बोली असावी. नकाराला नकार मानला जावा. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याची सावली करू नये. आणि नटाने शब्द उच्चारण्याआधी ते डोळ्यांत आणावेत. ही मागणी करणारा प्रेक्षक वरणगावचा असो की बँकॉकचा, तो कलेला तिच्या मूळ धर्माची आठवण करून देत असतो.

खान्देशाला या कामासाठी लागणारी सामग्री कमी नाही. बहिणाबाई चौधरींच्या कवितेने लेवा गणबोलीचे सामर्थ्य फार पूर्वी सिद्ध केले. अहिराणी गाणी आणि विनोदी प्रसंग यूट्यूबवर आवडीने पाहिले जातात. आणि खान्देशाला लागून असलेल्या मालेगावातल्या हौशी चित्रपटकारांनी तुटपुंज्या साधनांवर स्वतःचे सिनेमे काढून दाखवले आहेत. उणीव आहे ती अशा प्रेमाकडे हशाचा विषय म्हणून न पाहता माणसाचे मन म्हणून पाहणाऱ्या लेखणीची. केळीच्या बागेत पाण्याची पाळी धरायला गेलेले किंवा कारखान्याच्या पाळीवरून सायकलने घरी परतणारे दोन मित्र, ज्यांच्यातला ‘भाऊ’ हा शब्द एके दिवशी ओठांवर येऊन थांबतो आणि त्याजागी नुसते नाव येते, एवढ्या एका क्षणावर कथा उभी राहू शकते. परक्या भाषेतल्या ‘फी’चा बदललेला सूर ज्या कानांनी टिपला, त्या कानांना हा थांबलेला ‘भाऊ’ ऐकू येण्यासाठी कोणत्याही सबटायटलची गरज पडणार नाही.